पिवळ्या झग्यातली पोरगी

आमची म्हातारी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून घसरली तेव्हा धानाचा रोवणा संपायला आला होता. लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हापासून ती बांधीत वाकून धान रोवत आली, चिखलात कधी पडली नाही. पडली ती धुऱ्यावर, हातात माझा डबा घेऊन. खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, आत लोखंडी पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाला, हाड बसलं, आता हिला चालवा. धान कापायला येईपर्यंत चालली नाही तर मग खाटेवरच राहील.

वॉकर आणला. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हातारी खाटेवर. पाय खाली घ्यायला सांगितलं की तिचं ठरलेलं, "मी पडीन जी."

"मी धरून राहिलो ना वं!"

"तुमी सोताले धरा आधी."

गावातली बायामाणसं भेटायला यायची. "कशी पडली वं बाई?" असं कोणी विचारलं की ती सुरुवातीपासून सांगायची. डब्यात काय होतं, धुऱ्यावर कुठं ओल होती, कोणता पाय आधी गेला, आभाळ कसं दिसलं. चहा थंड होऊन जायचा, पण घसरण संपायची नाही. मी बाहेर जाऊन बसायचो. माझ्याच्यानं रोज रोज तिचं पडणं ऐकवत नव्हतं.

पोरगा गोंदियाला राईस मिलमध्ये होता. पंधरा दिवसांनी घरी यायचा. माय पडून पडून कंटाळेल म्हणून त्यानं टीव्ही आणून छपरावर त्याची छत्री लावून दिली. केशोरीच्या बाजूच्या आमच्या गावात तेव्हा दोन-चारच घरांवर छत्री होती. म्हातारीला सिरियल आवडायची नाही. म्हणायची, एवढे दागिने घालून काऊन रडतात ह्या बाया? मग ती रिमोटची बटणं दाबत बसायची. असंच दाबता दाबता एक दिवस त्या पोरी आल्या.

पांढऱ्याशुभ्र जागेवर एकटी पोरगी, गाणं लागलेलं, आणि ती भिंगरीसारखी फिरून राहिली. मला वाटलं फरशी आहे. सून बारावी शिकलेली, तिनं खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, "बर्फ हाय बाबा. बुटाले खाली पातं लावते, त्याच्यावर घसरते. अन् ह्या लहान पोरी हायेत, ज्युनिअर. देशोदेशीच्या. आज ह्या देशात सामना, पुढच्या हप्त्यात दुसऱ्या देशात. एकेकीनं दोन सामने खेळायचे, मार्क चांगले पडले तं शेवटच्या सामन्यात घेते."

बर्फ आम्ही पाहिला तो मच्छीवाल्याच्या पेटीत. त्यावर माणूस नाचतो हे मला पटेना. म्हातारी मात्र बघतच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मागं पाहत नाई अन् मागं चालते. रोवणा केला असंल इनं."

मी हसलो. पण पाहिलं तर खरंच. धान रोवताना बाया ओळीनं मागे मागे सरकतात, मागे वळून कोणी पाहत नाही, पायालाच कळतं. ती पोरगी तशीच चालली होती, फक्त वाऱ्यासारखी.

त्यात एक पिवळ्या झग्यातली होती. बारीक, कान मोठे, पंधरा वर्षांची असेल. मागे मागे गेली, उडी मारली आणि धपकन बसली बर्फावर. म्हातारी "अगे माय!" म्हणून ओरडली, तिचा हात सोताच्या खुब्यावर गेला. पोरगी उठली, झगा झटकलाही नाही, गाण्याच्या पुढच्या ओळीला जाऊन मिळाली. नंतर एका बाकड्यावर बसली. बाजूला कडक चेहऱ्याची बाई.

"माय होय तिची," म्हातारी म्हणाली. "पाहा कशी तोंड फिरवून बसली. पोरगी पडली तं पाठीवरून हात तं फिरव!"

"मास्तरीण असंल."

"मास्तरणीले काय हात नसतात जी?"

दुसऱ्या दिवशी जेवताना टीव्ही लावला तर तीच पोरगी, तोच झगा. पुन्हा पडली. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. म्हातारीनं ताट सरकवून दिलं. "रोज पडून राहिलं लेकरू. हिले कोणी घरी काऊन नाई नेत? मोडंल ना हाड!" चौथ्यांदा पडली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खाटेवरून उठायचं नाव तर तिनं सोडूनच दिलं. पाय खाली घे म्हटलं की टीव्हीकडे बोट दाखवायची. "तिच्यासारखे जवान पाय रोज पडते. माहे तं काय सांगता?"

मलाही वाटायला लागलं की हा टीव्ही आणून पोरानं घात केला.

एक दिवस सून तांदूळ निवडता निवडता टीव्हीकडे पाहत होती. एकदम हसली. "आई, हे तं रिपीट होय!"

"काय होय?"

"एकदाच झालेलं पुन्हा पुन्हा दाखवून राहिले. सामना केव्हाचा होऊन गेला. पोरगी एकदाच पडली. तुमीच चारदा पाहिली."

म्हातारीनं रिमोट उशाशी ठेवून दिला. पोरगी रोज पडते असंच मीही चार दिवस समजून होतो.

संध्याकाळी शेजारची म्हातारी भेटायला आली. बसल्या बसल्या विचारलं, "अन् कशी पडली होती वं तू?" मी उठायच्या बेतात होतो. आमची म्हणाली, "पाय घसरला, पडली." एवढंच. मग शेजारणीच्या सुनेला दिवस गेले होते, त्याचं विचारत बसली. शेजारीण चहा गरम असतानाच पिऊन गेली.

सकाळी मी गाईला चारा टाकत होतो तर आतून हाक आली, "ते भिंतीजवळचं लोखंडी आणा जी इकडं."

ती उभी राहिली तेव्हा तिचे पाय असे थरथरत होते की मी दोन्ही हात पसरून समोर उभा. "बाजूले व्हा," म्हणाली, "तुमच्या अंगावर पडीन तं दोघं मरू." खाटेपासून दारापर्यंत गेली. दारात थांबून बांध्यांकडे पाहिलं. धान निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या.

मग रोज थोडं थोडं. पोरीचा दुसरा सामना आला तेव्हा म्हातारी खुर्चीवर बसून पाहत होती. पोरीनं तीच उडी मारली. ह्या वेळी पडली नाही, पण एक हात बर्फाला टेकला. सून म्हणाली, "मार्क कापतील." म्हातारी चिडली. "टेकला तं टेकला! मी बी टेकूनच चालून राहिली ना?" मार्क कापूनही पोरगी शेवटच्या सामन्यात गेली. त्या दिवशी म्हातारीनं सुनेला शिरा करायला लावला आणि बोलून बसली, "शेवटच्या सामन्यात ती उडी नीट उतरली तं मी धुऱ्यावर येईन, जिथं पडली होती तिथं."

धान कापून बांधीत भाऱ्यांचे पुंजणे रचून ठेवले होते, तेव्हा तो सामना आला. भर दुपारी. तिघंही बसलो. पोरगी पिवळ्या झग्यातच होती. गाणं तेच. मागे मागे गेली, हात अंगाशी घेतले, उडाली, आणि लाईन गेली.

सुनेनं कपाळाला हात लावला. मी वीजवाल्यांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. म्हातारी काळ्या टीव्हीकडे पाहत राहिली. मग वॉकर ओढून उभी झाली. "चला."

"कुठी? पोरगी उतरली का पडली, पाहिलं कुठं अजून?"

"रिपीट येईल ना जी. मी काय तिच्या भरोशावर बसू?"

गेलो. मी मागे, सून बाजूला. वाटेत तीनदा थांबली. धुऱ्यावर वॉकरचे पाय नीट बसेनात तर माझा खांदा धरला. जिथं पडली होती तिथं उभी राहून खाली पाहिलं. "हेच होय?" म्हणाली. "मले लय उंच वाटत होतं."

दुसऱ्या दिवसापासून धानाची मळणी, आमच्याकडचा चुरणा, सुरू झाला. टीव्हीसमोर बसायला मिळालं तेव्हा त्या चॅनलवर क्रिकेट चाललं होतं. पोरीचं पडणं चारदा दाखवलं, पण शेवटच्या सामन्यातली ती उडी आम्हाला एकदाही दाखवली नाही.

त्यावर आमचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. ती म्हणायची उतरली असंल, मी म्हणायचो पडली असंल. जेवताना, खाटेवर, दवाखान्याच्या बाकड्यावरसुद्धा. ती आपल्या पायानं चालत होती, शेवटच्या आजारापर्यंत. तो आजार छातीचा होता, पायाचा नव्हता.

आता ती नाही. वॉकर भिंतीला टेकून आहे, सून त्यावर टॉवेल वाळवते. धान कापायच्या दिवसांत मी टीव्हीची बटणं दाबतो. बर्फावरच्या पोरी कधी दिसल्या नाहीत. ती पोरगी आता लेकराबाळांची झाली असेल.

पडली असंल म्हटलं तर उलट बोलायला समोर कोणी नाही. एकट्यानं कोणाशी भांडायचं? म्हणून आता मीच म्हणतो, उतरली असंल.