आबांचा कुंडलीचा प्रोग्राम

कॉम्प्युटरवर हात ठेवण्याआधी आबा माझ्याकडे बघून विचारायचे, "चाली ना?" मी कारणं सांगायला लागलो की ते हात वर करायचे. "चाली का नही, इतलंच सांग. कसं चाली, ते मना कामनं नही."

आबा मूळचे धुळ्याकडचे. वरणगावला नोकरी करून निवृत्त झाले आणि पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत येऊन राहिले. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान समोरच. त्यांच्याकडे कुंडली काढायचा एक जुनाट प्रोग्राम होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसला तिथे कुणी विचारत नसे. कॉलनीत मूल जन्मलं की बाप पेढे आणायच्या आधी आबांच्या पुढच्या खोलीत धावे. कुंडली वाचून सांगायची आबा दक्षिणा घेत नसत, गप्पा मात्र वसूल करत. तुम्हीही अशी एखादी खोली पाहिली असेल, जिथे कामापेक्षा चहाच जास्त होतो.

मग तो कॉम्प्युटर थकला. आबांचा मुलगा म्हणाला, "आबा, आता मोबाइलवर निघतात कुंडल्या. बंद करा ना हे." प्रोग्राम गेला तर त्या खोलीत येणार कोण, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मला फार वाईट वाटलं. मी नवा कॉम्प्युटर आणायचं ठरवलं.

पण आबा इतक्यात कुठले ऐकायला! आधी पत्रिका जुळवायची म्हणाले. जुना कॉम्प्युटर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर घरी आलेला, त्याची जन्मवेळ त्यांना तोंडपाठ. नव्याची मी सांगायची, दुकानात पहिल्यांदा सुरू केला ती. मी सकाळची सांगितली. जुन्याने कण्हत कण्हत गुणमेलन केलं.

"एक गुण कमी पडस," आबा गंभीरपणे म्हणाले. "नीट याद कर."

मी डोकं खाजवलं. "आबा, सकाळी नाही, संध्याकाळी सुरू केला होता."

जुळलं! आबा गालातल्या गालात हसले. "पोरीसना बापबी असंच करतस."

लग्न ठरलं, पण संसार जमेना. नवा कॉम्प्युटर जुन्या प्रोग्रामला दारातही उभं करीना. दोन-तीन दिवस मी त्याच्याशी झटापट केली. आबा रोज येऊन बसत आणि काही विचारत नसत, हेच मला जड जाई. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्राम मी नव्यात बसवला आणि त्याच्या आत आबांचा. हिरवी अक्षरं उमटली.

"म्हंजे पोटमा पोट!" आबा खूश झाले. मग हळूच म्हणाले, "आनि याना पुढला कॉम्प्युटर वना, तं?"

"त्याच्याही पोटात घालू."

त्या संध्याकाळी आबांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. पुढची खोली आणखी काही वर्षं गजबजलेली राहिली.

आबांना जाऊन आता वर्ष होईल. मध्यंतरी मीही नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यात सगळ्यात आधी तो प्रोग्राम बसवला. का, ते मला विचारू नका.

परवा धुळ्याहून माझ्या जावयाचा फोन आला. नात झाली! मी वेळ विचारून घेतली, प्रोग्राममध्ये टाकली. झरझर कुंडली उमटली, बाराही घरं भरली.

"चालतंय!" मी फोनवर ओरडलो.

"मग सांगा ना बाबा, काय म्हणतेय कुंडली?"

"थांबा," मी म्हणालो, "आबांना विचारून सांगतो."