कपाशीच्या पानातलं एन्झाइम

माझ्या जिभेला हाड नाही, हे अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता. आता लाज वाटते.

अकोटची एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. घरी भाजीपाल्याची शेती. कपाशीच्या पानात, हरितलवकात, एक प्रोटिएज असतं, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम. उन्हानं खराब झालेली प्रथिनं ते तोडून साफ करतं. त्याचा जीन जिवाणूत घालून तिनं ते प्रयोगशाळेत तयार करून घेतलं, शुद्धही केलं. पण ते काम करेना. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या गढूळ द्रावणात टाकलं की द्रावण निवळायला हवं. तिचं गढूळच राही.

मी तिला सगळ्यांसमोर झापायची. हात स्वच्छ नाही, लक्ष नाही, बर्फात ठेवायला विसरली असशील. ती खाली मान घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. वर्षभर हेच चाललं. घरच्यांनी तिचं लग्न थांबवून धरलं होतं. शेवटी वडील एसटीनं आले, वांग्यांची पिशवी घेऊन. अजून एक वर्ष थांबलो तर पोरीचं काम होईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"तिच्याच्यानं नाही होणार," मी म्हणाले.

पिशवी ठेवून ते निघाले. महिनाभरात तिनं नाव काढून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रयोग मी स्वतः करायला बसले. माझंही गढूळच. तेव्हा कुठे एन्झाइम ज्या द्रावणात ठेवायचं त्याची कृती मी नीट वाचली. कृती माझीच होती. पानातून प्रथिनं काढताना पानातली प्रोटिएजं ती खाऊन टाकतात, म्हणून त्यांना बंद पाडायला मी वर्षानुवर्षं प्रत्येक द्रावणात ईडीटीए हे रसायन घालत आले होते. ते द्रावणातले धातू धरून ठेवतं, एन्झाइमला मिळू देत नाही. इथं तर प्रोटिएजच चालू राहायला हवं होतं, आणि त्याला जस्त लागतं. सवयीनं मी त्याचाच गळा आवळत होते. ईडीटीए न घालता, थोडं जस्त घालून नव्यानं केलं, आणि अर्ध्या तासात द्रावण निवळलं. मला रडू आलं.

तिचं सासर भातकुलीला. दिवाळीला मी अमरावतीला माझ्या घरी यायची, तिथून भातकुली काही लांब नाही, तरी दोन दिवाळ्या जायचं टाळलं. गेले तेव्हा चहा व्हायच्या आतच सगळं सांगून टाकलं. माफी मागितली.

"मले तवाच ईडीटीएची शंका आली होती, मॅडम," ती म्हणाली.

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला.

"इचारलं असतं तं तुमी मलेच झापलं असतं."

ती रागानं बोलली नव्हती. झापलंच असतं मी.