आल्देमारचा निळा कोट

आमच्या शेजारचा आल्देमार हिराल्दो बावीस वर्षं एकाच टेबलापाशी उभा राहिला. शाळेच्या गणवेशांचा कारखाना तो, आणि हा तिथला कटिंग मास्तर. चाळीस थर कापड एकावर एक अंथरून खडूच्या रेघेवरून असं कापायचा, की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा तुकडा जुळ्या भावांसारखे निघायचे. चिंध्यासुद्धा मालकाला विचारल्याशिवाय घरी आणत नसे. आमच्या चर्चमधल्या बाळ येशूच्या पाळण्यातली निळी गादी त्याच चिंध्यांची आहे. तिच्यासाठीही त्याने मालकाची चिठ्ठी आणली होती. पाद्रीबाबांनी ती वाचलीसुद्धा नाही, पण आल्देमार चिठ्ठी हातात धरून उभाच.

त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले. तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोम्पाद्रे.

नोव्हेंबर संपता संपता कारखान्याला टाळं लागलं. आल्देमारचं वय एक्कावन्न. आमच्या डोंगरउतारावरच्या मानिसालेस गावात डिसेंबरात नोकरी शोधायची म्हणजे लग्नघरी जाऊन भाड्याने खोली मिळेल का विचारण्यासारखं. दुकानांतून दिव्यांच्या माळा, गाणी; भेटवस्तू बांधायला तेवढ्या कोवळ्या मुली घेतात, त्याही चोवीस तारखेपर्यंत. आल्देमार रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, अर्ज प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन उतार उतरायचा, आणि दुपारी तोच चढ चढून यायचा. सगळीकडे एकच उत्तर : "सहा जानेवारीचा तीन राजांचा सण होऊ द्या, मग बघू."

नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आम्ही गल्लीतली माणसं रोज एकेका घरी जमतो. आल्देमार यायचा बंद झाला. आल्या आल्या जो तो "लागलं का कुठे?" विचारतो, ते त्याला नको होतं, असं त्याची बायको मार्लेनी मला म्हणाली. वीस तारखेला त्यांच्याच घरची पाळी होती. तेव्हाही तो सगळा वेळ स्वयंपाकघरात नातिया, नाताळची दुधाची खीर, ढवळत राहिला. इतकी घट्ट केली, की चमचा उभा राहावा. त्याच संध्याकाळी गल्लीतली माणसं जुन्या वर्षाच्या बाहुल्यासाठी कपडे मागत आली. दरवर्षी आम्ही भुसा भरून बाहुला करतो आणि एकतीसला जाळतो. आल्देमारने आत जाऊन कारखान्याचा निळा कोट आणून दिला, खिशावर त्याचं नाव शिवलेला.

"जळू दे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कोट घातलेला बाहुला नाक्यावर खुर्चीत बसवला, आणि तिथे आल्देमारच बसलाय असं वाटायचं. मी जाता-येता क्रूसाची खूण करायचे.

तेवीस तारखेला तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला. खालच्या बाजाराजवळ गणवेशांचं एक छोटं वर्कशॉप होतं. जानेवारीअखेर शाळा उघडतात, म्हणून त्यांना कापणारा हवा होता. वय ऐकूनही त्यांनी नको म्हटलं नव्हतं, एवढ्यावरच त्याचा चेहरा उजळला होता. माणूस कसा आहे हे विचारायला ओळखदार म्हणून अर्जात माझं नाव घालायचं होतं.

"फोन आला तर आहे ते सांगा, कोमाद्रे. जास्त गोड नको."

"खोटं बोलायला मला येतं कुठे?" मी म्हटलं.

अठ्ठावीसला निष्पाप बाळांचा दिवस. हेरोदाने मारलेल्या बाळांसाठी मी सकाळी मेणबत्ती लावते. बाकीचं गाव दिवसभर एकमेकांना फसवतं. गेल्या वर्षी माझा भाचा दुबेर्ने, टॅक्सी चालवणारा तीस वर्षांचा घोडा, फोनवर आवाज बदलून म्हणाला होता, की बिशपसाहेब जेवायला तुमच्याकडे येताहेत. मी दोन कोंबड्या शिजवल्या. त्या वर्षभर पुरलेल्या टोमण्यांमुळे यंदा मी पहाटेपासून सावध होते.

दहा वाजता फोन. बारीक, नाकातला आवाज. सेन्योर आल्देमार हिराल्दोंना ओळखता का? मागे कुणीतरी फिदीफिदी हसत होतं. मी मनात म्हटलं, आलास का.

"ओळखते तर," मी म्हटलं. "पक्का चोर. कापडाचे तागे पँटीत खुपसून नेतो. आणि दुपारपर्यंत शुद्धीवर असला तर आमच्याकडे नवस फेडतात."

पलीकडे कागदावर पेन खरखरलं. मग आवाज म्हणाला, "बरं, बाई. आभारी आहे."

दुबेर्ने जन्मात कधी आभार मानत नाही. तरी मी स्वतःची समजूत घातली. दुपारी तो मला फसवून मीठ भरलेला बुन्युएलो, नाताळातला तळलेला गोळा, खायला घालायला आला, तेव्हा मी त्याला आईची शपथ घालून विचारलं. त्याने फोन केलाच नव्हता.

मी एप्रन न काढताच शेजारी गेले. आल्देमार फोनजवळ खुर्ची टाकून बसला होता, सदरा घालून. वर्कशॉपवाले आज ओळखदारांना विचारून संध्याकाळी कळवणार होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मार्लेनी भिंतीला टेकली.

त्याने माझ्या एप्रनकडे पाहिलं.

"चोर म्हणालात," तो म्हणाला. "आणि दारुडा. मला तर प्रार्थनेतली घोटभर वाइन चढते, कोमाद्रे." मग उठला. "चला."

वर्कशॉपची मालकीण एस्नेदाबाई. माझं सगळं ऐकून तिने अर्ज पुढे ठेवला. माझ्या नावासमोर लाल शाईने लिहिलं होतं : चोर. पितो.

"पोरांना म्हटलं होतं, आजच्या दिवशी फोनवर खिदळू नका," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणता ती गंमत होती. उद्या माझं कापड गेलं, तर तीही गंमतच का?"

आल्देमार मात्र तिच्याकडे बघतच नव्हता. मागच्या टेबलावर थर लावलेलं कापड होतं. त्याने कडेवरून तळहात फिरवला.

"हे ओढून अंथरलंय," तो म्हणाला. "कापलं की आक्रसेल. पँटी बोटभर आखूड निघतील."

तिने वरचे थर सैल करून बघितले. कापड खरंच आत सरलं.

"दोन तारखेला या. शाळा उघडेपर्यंतच, पुढचं पुढे. आणि रोज निघताना पिशवी तपासली जाईल."

"तपासा," आल्देमार म्हणाला.

चढ तो माझ्या दोन पावलं पुढे चढला. दारापाशी आल्यावर म्हणाला, "बावीस वर्षांत माझी पिशवी कुणी उघडली नव्हती." आणि आत गेला. त्या रात्रीच्या जपमाळेत माझे मणी तीनदा चुकले.

एकतीसला दुपारी तो नाक्यावर गेला आणि बाहुल्याच्या कोटाची बटणं काढू लागला. लोक ओरडले, दिलेलं परत घेतात का, म्हणून. "कामाला लागेल," एवढंच तो म्हणाला. कोट झटकला, आतला भुसा उडाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

बाहुला उघडाच राहिला. मी घरात गेले, त्या दिवशीचा तोच एप्रन काढला आणि रात्री जळायला बाहुल्याला नेऊन बांधला.