नजमाचा डावा पाय

फोन आला तेव्हा मी चटईवर पालथी पडून पाठीचा व्यायाम करत होते. घाटंजीहून नजमाचा मोठा मुलगा बोलत होता, ती त्याच्याकडे राहायला गेली होती. "काकू, अम्मी गेली..." मला वाटलं, बाजारात गेली असेल. घाटंजीचा बाजार असला की ही बाई घरात सापडायचीच नाही. मग तो रडू लागला. रात्री निजली ती उठलीच नाही. उभ्या आयुष्यात एका जागी न बसलेल्या बाईनं असं निजल्या निजल्या जावं, याचा मला अजून राग येतो. महिनाभर ती चटई मी पुन्हा अंथरली नव्हती. पाठ दुखते, या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते, कशातच जीव लागत नाही.

नजमा आमची शेजारीण, जीपगाड्या दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंची बायको. जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले, म्हणून ती पायाळू. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून आलेल्या बाया तिच्या दारात उभ्या असायच्या. ही पिठाच्या हातानंच बाहेर यायची, डाव्या पायानं हलकी लाथ द्यायची, आणि बाई वयानं मोठी असली तर लगेच स्वतःचे कान पकडायची. "सलीमभाई इतके सरळ कसे चालतात ते आत्ता कळलं," असं मी तिला चिडवायची.

पुढे बोंडअळीची वर्षं आली. कापूस हाती येईना, आला तर भाव मिळेना. वेचायला बाया लावणं परवडेना, म्हणून वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून मीच शेतात उतरले. एका दुपारी गाठोडं उचलताना कंबरेतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत गेली. कशीबशी घरी आले. सासूबाईंनी नजमाला हाक मारली. मी भिंतीला धरून उभी राहिले. तिनं पाय उचलला... आणि खाली ठेवला.

"पुष्पे, तुही चप्पल कुठी हाय?"

डाव्या पायातली चप्पल अंगणातच निघून पडली होती. मला कळलंच नव्हतं.

"मी नाही मारत."

"साऱ्या गावाले मारते, मलेच काहून नाही?" मी रडकुंडीला आले होते.

"माह्या सासूचाबी पाय असाच सुन्न झालता. मी लाथ मारली. बुढी मंग कधी सिधी चाललीच नाही. माह्या लाथेनं झालं का आपसूक, अल्ला जाने. पण तुह्यावर मी पाय नाही उचलत."

इतक्या वर्षांत हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मिजास चढली. नजमानं ऐकून घेतलं, जीपमध्ये गादी टाकली आणि मला यवतमाळला नेलं. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मला एकच भीती वाटत होती, आता मी चालणार की नाही? डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, मणक्यातली चकती सरकली आहे, नस दाबली गेली आहे. ऑपरेशनची घाई नको, पण पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली तर तडक या. त्यांच्याकडच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम शिकवले. पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलायची, धरून ठेवायची.

मग रोज सकाळी नजमा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसू लागली. ही बसते, याचंच साऱ्यांना नवल! आकडे मोजता मोजता ती कोथिंबिरीच्या भावावर घसरायची, मोजणी विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी ओरडायची. पण हळूहळू टाचेला जमीन जाणवू लागली, चप्पल पायात टिकू लागली. डॉक्टर ठीक म्हणाले त्या दिवसानंतर व्यायाम संपला की ती उठायची, डाव्या पायाचा तळवा माझ्या कंबरेला नुसता टेकवायची आणि म्हणायची, "झालं. ऊठ आता." गावातल्या बायांना मात्र तिनं पुन्हा लाथ दिली नाही.

आज सकाळी पाठ फारच भरून आली. चटई काढली, दार उघडं टाकलं. तिच्यासारखीच चुकत, पुन्हा पहिल्यापासून मोजत सगळे व्यायाम केले. ते संपले तरी मी पालथीच पडून राहिले... कंबरेला तळवा टेकायची वाट पाहत.