बरगडीवरची दीपमाळ

"सगळ्यात कमी खंय दुखता?"

मालवणच्या बाजारातल्या टॅटूच्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी हे विचारलं आणि माझे दोन्ही मित्र खो खो हसले. हसू देत. मी भित्रा नाही, पण फुकटचा मार खायची हौसही मला नाही.

टॅटू काढणारी पोरगी आमच्याच वयाची होती. आधी लग्नांतून मेंदी काढायची, आता हातात मशीन घेतलं होतं. तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे माणसाच्या शरीराचं मोठं चित्र लावलेलं, पुढून आणि मागून, आणि त्यात रंग भरलेले. हिरवं ते सोसवेल, पिवळं ते दात-ओठ खाऊन सोसायचं, आणि लाल असेल तिथे जाऊच नये. दंडाची बाहेरची बाजू, मांडी, पोटरी हे सगळं हिरवंगार. मनगट पिवळं. पाऊल, गुडघ्याची वाटी आणि बरगड्या लालभडक.

"जंय मास, थंय आराम. जंय हाड, थंय बोंब," ती म्हणाली. "आता बोला, कोणाक खंय व्हया?"

आम्ही तिघे एका वाडीतले. लहानपणापासून आमच्या संध्याकाळी देवळासमोरच्या दीपमाळेच्या चौथऱ्यावर गेल्या. तिथेच आम्ही अभ्यास टाळला, तिथेच भांडलो, तिथेच मिशा फुटल्या. आता एकाला जहाजावर नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कणकवलीहून त्याची गाडी होती. तेव्हा तिघांच्याही अंगावर तीच दीपमाळ हवी, असं ठरलं. ती आजच काढायला हवी होती. आणि आजच संध्याकाळी माझं नाटक होतं. शहाण्या माणसाने दुसरा दिवस शोधला असता, पण आमच्यात शहाणा कोण होता?

नाटकाचं सांगायला हवं. दिवसा मी कट्टा गावच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करतो आणि हंगामात दशावतारी कंपनीत बायकांची कामं करतो. आमच्या नाटकात बाई नसते, आम्हीच शालू नेसून उभे राहतो. लिहिलेले संवादही नसतात. गोष्ट तेवढी ठरलेली, बोलायचं ज्याने त्याने आपल्या अकलेने. दोन हंगाम मी दासी होतो. राणीच्या मागे उभं राहून पंखा हलवायचा आणि "जशी आज्ञा" म्हणायचं, एवढीच माझी कला. यंदा आमची राणी दुसऱ्या कंपनीत गेली आणि मालकांनी मला बोलावलं. मालक स्वतः राजा होतात.

"आज जमला तर हंगामभर राणी तू," ते म्हणाले. "नाय तर परत पंखो घे."

मला ती राणी हवी होती. किती हवी होती ते सांगता यायचं नाही. दुकानात लोकांच्या फोनच्या काचा बदलताना मी ओठातल्या ओठात राणीसारखा रडायचो आणि गिऱ्हाइकं घाबरायची.

तर आता माझी अडचण बघा. अंगावर काही दिसलेलं मालकांना खपत नाही. पूर्वी कंपनीत एक पोरगा होता, त्याच्या हातावर विंचू गोंदलेला. तो देवी झाला आणि वर द्यायला हात उचलला, तेव्हा प्रेक्षकांतून एकजण ओरडला, "गो आये, विंचू चावलो गो तुका!" देवी हसली, राक्षस हसला, नाटक बुडालं. तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून कंपनीत दिसला नाही.

म्हणून मी चित्रासमोर उभा राहून एकेका हिरव्या जागेवर काट मारत गेलो. हाताला कोपराखाली काढू, तर बांगड्यांच्या वर दिसणार. दंडावर काढू, तर एका नाटकात मी उघड्या अंगाचा ऋषीकुमार असतो, तिथे दिसणार. पाठीचंही तेच, छातीचंही तेच. मांडी आणि पोटरी मात्र कायम झाकलेली, मांडी तर हिरवीगार. मी आनंदाने मांडी थोपटली.

"मांडयेर?" जहाजावर जाणारा ओरडला. "देवळाची दीपमाळ कमरेच्या खाली? तुझी आये तुका जिवंत ठेवीत?"

खरं होतं. देवाचं काही कमरेखाली काढत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. दुखण्याच्या भीतीने विसरायला निघालो होतो. राहिलं काय? ऋषीकुमाराचं उपरणं डाव्या खांद्यावरून खाली येतं आणि कमरेत खोचलं जातं. त्याच्याखाली काय झाकलेलं असतं? डावी बरगडी. मी चित्राकडे पाहिलं. डावी बरगडी लाल होती. उजवीही लाल होती, पण तिचं मला काय!

पोरीने मला नीट न्याहाळलं. मी सडपातळ. राणीच्या कामाला ते बरं, पण इथे ते बरं नव्हतं. "तुझ्या बरगडीर मास खंय आसा रे?" ती म्हणाली.

आधी मित्र बसले. दंडावर काढून घेणारा दर्यात पर्यटकांना मासे दाखवायला नेतो, खाऱ्या वाऱ्याने कातडी जाड झालेली. तो चक्क फोनवर बोटीचं बुकिंग घेत बसला. मुंग्या चावल्यासारखं वाटतं, म्हणाला. जहाजावर जाणाऱ्याने मनगटाची आतली बाजू निवडली, घड्याळ बघताना गाव दिसावं म्हणून. तो सुरुवातीला ऐटीत होता. सुई शिरेजवळ आली तशी त्याची ऐट गेली आणि तो छताकडे बघून मारुतीस्तोत्र म्हणायला लागला. मी इतका हसलो की पोटात दुखलं. माझी पाळी यायची होती, त्याचं भान कोणाला!

मी डाव्या हाताने डोकं धरून उजव्या कुशीवर आडवा झालो. मशीन सुरू झालं. पहिली रेघ ओढली आणि मला कळलं की दुखणं कातडीला नव्हतंच. ते आत हाडात गुणगुणत होतं. बरगडीवरून निघालेला तो थरकाप मणक्यापर्यंत जायचा, तिथून दाढेत. हाडावरून सुई खाली दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत उतरली की गुदगुल्या व्हायच्या. गुदगुल्या आणि आग एकाच वेळी! मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी काढत होतो. त्यातून श्वास घेतला की बरगडी हलणार, म्हणून पोरगी म्हणायची, "श्वास धर. आता सोड. मेल्या, सगळो सोडू नको!" मित्राने माझ्या तोंडात मालवणी खाज्याची गुळमट कांडी कोंबली आणि पाय धरून ठेवले. एकेका दिव्याला मी एकेक शिवी दिली. दीपमाळ पूर्ण झाली तेव्हा माझा शिव्यांचा साठा संपला होता.

आरशात बघितली. अशी सुंदर! तिरकी नाही, वाकडी नाही, प्रत्येक कोनाडा जागच्या जागी. आम्ही तिघांनी शर्ट वर, बाह्या वर करून फोटो काढले आणि शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांना ढकलत नाचलो. मनगटवाला मधेच रडला. मग आम्हीही रडलो, सुईच्या नावावर खपवून.

पोरगी मलम आणि प्लास्टिकची पट्टी लावत सांगत होती, "घट्ट काय घालू नको. घाम येऊक देव नको. कोणाचो हात लागूक देव नको."

मी हो हो म्हणालो आणि मनात हिशोब केला. राणीची कापूस भरलेली चोळी बरगड्यांवरच करकचून बांधतात. वर शालू, कंबरपट्टा, दागिने. डिसेंबरातही घामाची आंघोळ होते. आणि शेवटच्या प्रवेशात राजा युद्धाला निघतो तेव्हा राणी मूर्च्छित होते आणि राजा तिला झेलतो. कुठे झेलतो? डाव्या बरगडीत हात घालून. मालकांचा हात म्हणजे नांगर धरलेला हात आहे.

संध्याकाळी देवळामागच्या खोलीत तोंड रंगवायला बसलो. कंपनीच्या पेटाऱ्यातल्या गणपतीला नमस्कार करताना यश मागायचं सोडून मी फक्त बरगडी सांभाळ म्हणालो. चोळी बांधताना डावीकडचा बंद सैल ठेवला. मालक पलीकडे मिशी लावत होते. आरशातून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिशीकडे वळले.

हल्ली लोकांना सकाळी कामावर जायचं असतं, म्हणून नाटक तिन्हीसांजेलाच उभं राहतं. पटांगण भरलं होतं. पेटी आणि मृदंगाने सुरुवात केली आणि मी बाहेर आलो. मागे नवा पोरगा पंखा हलवत होता. त्या क्षणी मला काही दुखत नव्हतं. सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं, मी बोललो की गप्प होत होतं. मला वाटलं, हे आता कोणी काढून घेऊ नये.

राजा शिकारीहून परत आला. "राणी!" म्हणत मालक पुढे झाले आणि कमरेला विळखा घालायला हात पसरला. हे माझ्या लक्षातच नव्हतं! मी शेवटच्या प्रवेशाची काळजी करत बसलेलो, आणि हात पहिल्याच प्रवेशात आला.

"थांबा, नाथ!" मी ओरडलो.

झांजवाला थांबला. मालकांचा हात हवेत. आता कारण काय सांगू?

"आपण सुखरूप परत यावं म्हणून मी व्रत धरलं आहे. सूर्यास्तापर्यंत मला कोणी स्पर्श करायचा नाही."

मालकांनी डोक्यावरच्या लाइटकडे पाहिलं, मग पटांगणाकडे. "राणी, सूर्य तर केव्हाच मावळला!" पटांगण हसलं.

"आपल्या राजधानीत मावळला, नाथ. माझं माहेर दूर पश्चिमेला, दर्याच्या कडेला. तिथे अजून ऊन आहे. व्रत माहेरच्या देवीचं आहे."

टाळी पडली. मालकांना चेव चढला, उत्तराला उत्तर मिळालं की ते असेच फुलतात. "व्रत आहे, तर व्रताची खूण असेल. दाखव ती खूण."

मी पदर डावीकडे ओढून घेतला. खूण तर होती, चांगली हातभर होती! "खूण दाखवली की व्रत मोडतं, नाथ. आणि व्रत मोडलं तर संकट माझ्यावर नाही, आपल्यावर येतं. आपली आज्ञा असेल तर दाखवते."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने टोपी उडवली. शिट्ट्या, टाळ्या, मृदंगवाल्याने आपणहून थाप दिली. मालक पुढे सरकले, माझ्या कानाशी आले आणि ओठ न हलवता विचारलं, "खंय दुखता?"

"डाव्या बरगडीर," मी पदराआडून म्हणालो.

ते मागे सरले आणि मोठ्याने म्हणाले, "मग राणी, तुझ्या व्रताला आम्हीही हात लावणार नाही." आणि सिंहासनाच्या बाकड्यावर माझ्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

पुढचं सगळं नाटक त्या व्रतावर चाललं. राक्षसालाही व्रत विचारावं लागलं. मी बोलत गेलो, सुचत गेलं. घाम खाली उतरत होता आणि बरगडीत मीठ चोळल्यासारखं झोंबत होतं, तरी मी बोलत होतो. मग शेवटचा प्रवेश आला. राजा युद्धाला निघाला. राणीने पडायचं होतं. नाही पडली तर ती राणी कसली!

"उजवीकडे पड," मालक पुटपुटले. "सगळो माझ्यार पड."

मी डोळे मिटले आणि पडलो. बरगडीला काही लागलं नाही. मालकांनी एका हाताने माझं डोकं धरलं होतं, दुसरा हात उजव्या खांद्याखाली, आणि माझं सगळं ओझं घेऊन ते जमिनीवर गुडघा टेकून बसले होते. साठी ओलांडलेल्या माणसाचा तो गुडघा टेकतानाचा आवाज मी ऐकला. चेहऱ्यावर मात्र राजाच होता.

नाटक संपल्यावर मी चोळी सोडली. प्लास्टिकची पट्टी कधीच गळून पडली होती. मालक कपड्यांच्या ट्रंकेवर बसून गुडघ्याला बाम चोळत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन बरगडी उघडी केली. बोलणी खायची ती आत्ताच खाऊया म्हटलं. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि खालपासून वरपर्यंत दीपमाळ बघितली.

"मालक, तुमका आधीच कळला होता?"

"चोळयेचो बंद सैल ठेवलंस तेव्हा संशय इलो, व्रत काढलंस तेव्हा खात्री झाली. मी राजा झालंय म्हातारपणी, मेल्या. त्याच्याआधी मी राणीच होतंय." ते गुडघा चोळत राहिले. "एकदा माका नागीण उठली होती. हयसरच, बरगडीर. आमचो राजा मोठो माणूस. त्येका सांगूचो धीर झालो नाय. मूर्च्छा इली, मी पडलंय, आणि त्येने माका थंयच धरल्यान."

"मगे?"

"मगे काय? पटांगणार लोक म्हणाले, काय रडता राणी!" ते हसले नाहीत. "त्या दिवशी ठरवलंय, मी राजा झालंय तर आधी इचारतलंय."

मी त्यांचा हात धरून त्यांना ट्रंकेवरून उठवलं. उठताना त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला, उजव्या बाजूने.

"उद्या रेडी गावाक नाटक आसा," ते म्हणाले. "राणीचो शालू इस्त्री करून घेवन ये."