आपांच्या नाटकातलं गाऱ्हाणं

आपांचं तोंड ज्यांनी बंद केलं, त्यांनीच आज त्यांच्या फोटोला हार घातला.

त्यात मी पण होतो. आधीच सांगतो, म्हणजे खाली "किती छान लिहिलंस" वगैरे कमेंट करू नका.

आपा आमच्या गावचे टेलर. तारकर्लीच्या रस्त्याला दुकान. दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि मापाच्या वहीत मागच्या पानांवर नाटकं लिहायचे.

आमची समुद्रावर जायची पायवाट एका रिसॉर्टने गेट लावून बंद केली. गावच्याच पुढाऱ्यांनी ना-हरकत दिली होती. मासळी घेऊन येणाऱ्या बायका तेव्हापासून केवढा वळसा घालतात. सगळ्या गावाला माहीत, पण बोलायला कोणाची जीभ रेटत नव्हती.

आपांनी नाटक लिहिलं.

त्यात देवाला गाऱ्हाणं घालायचा सीन होता. एकाने मागणं मागायचं, जमलेल्यांनी त्याला होकार द्यायचा. ते गाऱ्हाणं मी घालायचं होतं. तालमीत मी आपांना विचारलं, "होय म्हाराजा" म्हणायला स्टेजवर किती माणसं उभी करायची?

"एक पण नको. तो डायलॉग गाव म्हणतलो."

आणि त्या सीनला प्रेक्षकांवरचे लाईट चालू ठेवायला सांगितले. म्हणाले, "काळोखात बसलेलो माणूस प्रेक्षक. उजेडात बसलो की गावकरी."

जत्रेतल्या प्रयोगाला खरा नारळ ठेवला. आवाज लावला. पहिल्या दोन ओळी नेहमीच्या. राखण कर, चूकभूल पदरात घे. लोक सवयीने होय म्हाराजा म्हणत गेले.

मग तिसरी.

"दर्याची वाट जेणी इकल्यान, तो हयच बसलो आसा. तेका कबूल करूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

अख्खं गाव म्हणालं. पहिल्या रांगेतले भाऊसाहेब, ना-हरकतीवर पहिली सही त्यांची, ते पण म्हणाले. तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं.

आणि गाऱ्हाण्याला दिलेला होकार आमच्याकडे मागे घेता येत नाही.

पुढच्या वर्षी भाऊसाहेबांचा निरोप आला. जत्रेत आपांचं नाटक नको, कॉमेडी करा. आमच्या नाट्यमंडळाने तसं लिहून दिलं. पत्रावर सेक्रेटरी म्हणून सही माझी. माझ्या होमस्टेचा दाखला पंचायतीत अडकला होता. आठवड्याभरात मिळाला.

त्या कॉमेडीचे कपडे आपांनीच शिवले. माझा सदरा पण, माप न घेता. अंगाला बरोब्बर बसला.

त्यानंतर त्या वहीत फक्त मापं.

आज शोकसभेत भाऊसाहेब म्हणाले, "आपा म्हणजे परखड लेखणी." मनाची नाही, निदान जनाची तरी लाज? वर मलाच म्हणाले, दोन शब्द बोल.

माझ्याकडे माझे शब्द नव्हतेच. मी गाऱ्हाणं घातलं.

आपांच्या आत्म्याला शांती दे. होय म्हाराजा.
घरच्यांना बळ दे. होय म्हाराजा.

"आपांचा तोंड जेणी बंद केल्यानी, ते हयच आसत. तेंका कबूल करूची बुद्धी दी रे म्हाराजा."

सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

गाऱ्हाणं घालणारा स्वतः कधी "होय म्हाराजा" म्हणत नाही.

आज मी म्हटलं. एकट्याने, माईकवर.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही.

आपानू, सही माझी होती. बरे जावा.