अडीच हॉर्सपॉवरचं आमंत्रण

माझ्या नवऱ्याला होडीत बसवण्यासाठी मी मोटर घेतली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला वल्ही मारायचा कंटाळा आला असा आमच्या नातेवाइकांचा अजून समज आहे.

होडी माझी. शिडाची, बारा फुटी, बदली होऊन चाललेल्या देवळाली कॅम्पच्या एका फौजी अधिकाऱ्याकडून घेतलेली. मी शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर वाऱ्यांचे बाण काढले आणि शेहेचाळिसाव्या वर्षी गंगापूर धरणावर खरा वारा हातात धरला. तेव्हापासून आठ वर्षं दर रविवारी मी पाण्यात, आणि हे काठावर, घडीच्या खुर्चीत, थर्मास घेऊन.

यांचं पिंपळगाव बसवंतला ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान आहे. ज्याला इंजिन नाही त्याच्यावर यांचा विश्वास नाही. शिवाय पोहता येत नाही. मी बोलवायची, हे म्हणायचे, "वाऱ्याचा काय भरवसा?" आणि खरं सांगते, मला एकटीने मजा करायचा वीट आला होता. धरणाच्या मध्यावर गेलं की डोंगर आपल्याबरोबर चालायला लागतात. ते दाखवायचं कुणाला? घरी येऊन सांगितलं की हे "हो का" म्हणून पेपर उलटायचे. त्या "हो का"ने माझं डोकं फिरायचं.

एका रविवारी चहा ओतता ओतता हे म्हणाले, "हिला इंजिन असतं तर आलो असतो."

"शब्द?"

"शब्द."

झालं! त्या रात्री मला झोप नाही.

पहिली भांडणं आकारावरून. हे म्हणाले, "घ्यायची तर पाच हॉर्सपॉवरची घे. अडीचमध्ये विहिरीचं पाणीसुद्धा वर येत नाही." मी म्हटलं, अहो, विहीर उपसायची नाहीये, वारा पडला तर काठाला यायचंय. मोटर होडीच्या मागच्या फळीवर टांगायची असते, वजन जास्त झालं की मागची बाजू बुडते. यांना पटेना. मग मी यांच्याच गाडीतून कांद्याची गोणी आणली, पाचवालीच्या वजनाइतके सव्वीस किलो कांदे तिच्यात ठेवले, गोणी मागच्या फळीला बांधली आणि शेजारी जाऊन बसले. मागची कड पाण्याला टेकायला चार बोटं उरली. अडीचवालीच्या वजनाइतके, सतरा किलो होईपर्यंत कांदे काढले, तेव्हा होडी सरळ झाली. हे काठावरून म्हणाले, "ठीक आहे, अडीच." माझ्यावर नसला तरी कांद्यावर यांचा विश्वास आहे.

मग द्वारका चौकातल्या एका पंपवाल्याकडे गेलो. त्याने वर न बघता विचारलं, "बोअर किती फूट?"

मी म्हटलं, "पंधरा इंच."

तेव्हा त्याने वर बघितलं. मी समजावलं की मोटरचा पाय फळीच्या उंचीला बेताचा हवा. लांब झाला तर चिखलात रुततो, आखूड झाला तर पंखा पाण्याबाहेर फिरतो. माणूस भला, त्याने मुंबईहून मागवून दिली. खोक्यात दोन बारीक जादा पिना होत्या. पंख्यात काही अडकलं की आतली पिन तुटते आणि इंजिन वाचतं. हे ऐकून यांचा चेहरा असा खुलला की बास! पिना लगेच एका डबीत गेल्या. "लग्नातली अंगठी एवढी जपली असतीत तर," मी म्हटलं. यांनी ऐकलं नाही.

बसवायचा मुहूर्त दसऱ्याचा. फळीवरचे दोन स्क्रू हाताने आवळायचे असतात, यांनी पान्याने आवळले. वरून दोरी बांधली. मग पूजा, अगदी नव्या ट्रॅक्टरची करतात तशी. स्वस्तिक, नारळ. लिंबू ठेवायला चाक नव्हतं, तेव्हा ते पंख्याखाली ठेवलं. शेवटी झेंडूचा मनगटाएवढा जाड हार, प्लास्टिकच्या सुतळीत ओवलेला, तीन गाठी मारून. मला तो हार बघून धडकी भरली. पण काढा म्हटलं असतं तर हे म्हणाले असते, मग राहू दे, मी येत नाही. मी तोंड शिवून बसले.

शेळ्या चारणाऱ्या एक मावशी बघत होत्या. "बाई, वारा फुकट हाय, त्येला इंजिन कशाला?"

"होडीला नाय मावशी, ह्यांना लागतंय."

"मग लय मोठं लागंल की!" म्हणून त्या इतक्या हसल्या की शेळ्या पांगल्या.

तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. हे होडीत! लाइफ जॅकेट घालून, दोन्ही कडा धरून, पण होडीत! "बघ कशी चाललीय!" हे ओरडत होते, आणि मी वेड्यासारखी हसत होते. अगदी मध्यावर पोचलो आणि हाराचं सुटलेलं टोक पाण्यात पडलं. खर्रर्र झालं, हिसका बसला, मोटर नुसतीच किंचाळायला लागली. यांनी ती बंद केली.

"पिन गेली," हे हळूच म्हणाले.

मला रडू यायचं बाकी होतं. आठ वर्षांनी आलेला माणूस आता पुन्हा येणार नाही. ऑक्टोबरचं ऊन, पान हलत नव्हतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी शीड चढवलं. ते लोंबत राहिलं, मग जरासं फुगलं, मग भरलं. होडी कलली आणि निघाली.

"इकडे सरका!" हे सरकले. "जादा पिना कुठायत?" मी विचारलं.

हे शिडाकडे बघत होते. "डबी गाडीत राहिली."

पाऊण तास लागला. खाली पाणी खळखळत होतं, डोंगर चालत होते, आणि यांनी कडेवरचा एक हात कधी सोडला ते मला कळलंच नाही.

काठाला लागलो. आमच्या खुर्चीत मावशी बसल्या होत्या. यांनी मोटर उचलली, पंख्यातला झेंडू सोडवला, पँटच्या खिशातून डबी काढली आणि पाच मिनिटांत पिन बसवली.

"डबी खिशात होती?"

"होती."

"मग तिथेच का नाही बसवली?"

हे हात पुसत म्हणाले, "बसवली असती तर तू शीड उतरवलं असतंस."

मावशी खुर्चीतून उठायला लागल्या. हे म्हणाले, "बसा मावशी. खुर्ची राहू द्या तुमच्याकडेच."